तिसरी घंटा कोण देणार?

ही एका लघुपटाच्या अठ्ठेचाळीस तासांची नोंद आहे. लघुपट पूर्ण झाला, चांगला झाला आणि स्पर्धेत पोचलाच नाही. ऐन वेळी वीज गेली, असं आमच्यातले बरेच जण आजही सांगतात. वीज गेली हे खरं आहे, पण ती रविवारी संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी गेली. तोवर या फिल्मचं काय व्हायचं ते बहुतेक ठरलेलं होतं. ते कधी ठरलं, हे पाहायचं तर शुक्रवारपासून एकेक तास हातात घ्यायला हवा. मी त्या संघात होते, ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं.

शुक्रवार, संध्याकाळी ७:०० (उरले ४८ तास)

चिठ्ठ्या निघाल्या. आम्हाला रहस्यपट आला. बाकी तीन गोष्टी सगळ्या संघांना सारख्याच होत्या: पात्र निवृत्त पोस्टमनचं, वस्तू छत्री आणि वाक्य ‘किल्ली शेजारी ठेवली आहे’. श्रेयनामावली सोडून लांबी चार ते सात मिनिटं. रविवारी सातला फिल्म अपलोड करण्याची लिंक बंद.

या खेळाचा हा साचा २००१ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टनमध्ये घडला. मार्क रूपर्ट आणि लिझ लँग्स्टन यांनी सुरू केलेला ‘४८ अवर फिल्म प्रोजेक्ट’ पुढे जगभरातल्या शहरांत पोचला. पात्र, वस्तू आणि संवाद आयत्या वेळी देण्यामागचं कारण साधं आहे: घरून तयार फिल्म कोणी आणू नये. भारतात २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया फिल्म प्रोजेक्ट’ने पन्नास तासांची स्पर्धा रुजवली आणि कॉलेजातली हजारो मुलं फोन घेऊन रस्त्यावर उतरली. आमची स्पर्धा छोटी, शहरापुरती होती, पण साचा हाच होता.

अशा स्पर्धेवर माझं मनापासून प्रेम आहे. ‘एक फिल्म करायची आहे’ हे वाक्य माणसं वर्षानुवर्षं बोलत राहतात. निर्माता मिळत नाही, पैसा जमत नाही, संहिता पुरी होत नाही. स्पर्धा या सगळ्या सबबी काढून घेते. शुक्रवारी काहीही नसतं आणि रविवारी फिल्म असते.

आमचा संघ बहुतेक एकांकिकेतून आलेला. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत रात्र रात्र तालमी केलेली ही माणसं. दिग्दर्शिका, लेखक, छायालेखक, संकलक, संगीतकार, कलादिग्दर्शन, वेशभूषा, खाण्यापिण्याची व्यवस्था, सगळ्याला माणूस होता. सहायक दिग्दर्शक मात्र नव्हता. सात मिनिटांच्या फिल्मला एडी कशाला, असं सगळ्यांचंच मत पडलं.

शुक्रवार, रात्री ९:३० (उरले साडेपंचेचाळीस तास)

कोथरूडला संकलकाच्या घरी बैठक बसली. बारापर्यंत संहिता, एकपर्यंत शॉट डिव्हिजन, मग झोप आणि सकाळी सहाचा कॉल टाइम, असं ठरलं. साडेदहापर्यंत तीन कथा समोर आल्या. तिन्ही चांगल्या होत्या आणि खरी अडचण तीच होती. वाईट कथा असत्या तर आपोआप गळून गेल्या असत्या. चांगल्या कथेवर कोणाचा तरी जीव जडलेला असतो आणि मित्राची कथा बाजूला ठेवा म्हणणं जड जातं.

शेवटी वाड्यातल्या पोस्टमनची कथा ठरली. एक न दिलेलं पत्र त्याने पंचवीस वर्षं जपून ठेवलं आहे आणि ज्या बाईचं ते पत्र, ती रोज समोरच्या खोलीतून त्याला चहा आणून देते. पत्रात काय आहे, आणि त्याने ते का दिलं नाही?

शनिवार, पहाटे ३:१५ (उरले पावणेचाळीस तास)

संहिता हाती आली. सव्वातीन तास उशीर, पण वाचताना सगळे गप्प झाले. लेखकाने दोन म्हाताऱ्यांचं अवघडलेलं प्रेम एकही भावुक वाक्य न वापरता उभं केलं होतं.

संहिता मात्र अकरा पानांची होती. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा पटकथेचा जुना अंदाज. सात मिनिटांच्या फिल्मला अकरा पानं. चार पानं कागदावर कापायला अर्धा तास लागला असता. ‘शूट करताना बघू, नाहीतर एडिटवर कापू,’ असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. कागदावर न कापलेली ही चार पानं पुढे प्रकाशयोजना, टेक, कार्डावरची जागा आणि संकलन अशा प्रत्येक टप्प्यावर वेळ मागणार होती.

शनिवार, सकाळी ९:४० (उरले तेहतीस तास वीस मिनिटं)

सहाच्या ऐवजी पावणेदहाला पहिला क्लॅप पडला. सदाशिव पेठेतला वाडा, लाकडी जिना, चौकात पाण्याचा हौद. घरमालकीण काकूंनी आल्याआल्या सगळ्यांना पोहे दिले. ‘आधी खाऊन घ्या रे, उपाशीपोटी कसले पिच्चर काढता,’ म्हणाल्या. त्यांना नाही कोण म्हणणार? तो पाऊण तास गेला याचं मला आजही वाईट वाटत नाही. माणसांना खायला हवंच होतं. पण तो पाऊण तास वेळापत्रकात धरलेला नव्हता, कारण रात्रीचं वेळापत्रक कागदावर उतरलंच नव्हतं.

वाड्यात आवाजाचं काम अवघड असतं. पारव्यांचं घुमणं, शेजारचा कुकर, गल्लीतली बुलेट, कोपऱ्यावरच्या देवळातली घंटा. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते आणि ती अर्धा मिनिट वेगळी मुद्रित करून ठेवावी लागते. नाहीतर संवाद जोडताना मधल्या जागा मेल्यासारख्या वाटतात. संघाने ती प्रत्येक वेळी दिली.

शनिवार, दुपारी १२:५० (उरले तीस तास दहा मिनिटं)

पहिला प्रसंग संपला. छायालेखकाच्या लक्षात आलं की दुसरा कॅमेरा म्हणून लावलेल्या फोनच्या चित्रात उजेड थरथरतोय. खोलीत जुनी ट्यूबलाइट होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी नळी सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी आणि शटर एकपन्नासांश सेकंद ठेवलं तर चित्र स्थिर राहतं. फोन ३० चौकटींवर होता. सेटिंग बदलून तीन शॉट पुन्हा घेतले.

हा प्रश्न पाच मिनिटांच्या चाचणीत आदल्या दिवशीच कळला असता. पण माझ्या मते त्या दुपारची मोठी गोष्ट वेगळीच होती. पहिलं मेमरी कार्ड भरलं होतं, पूर्ण प्रसंग त्यात होता आणि कोथरूडमध्ये संकलक संगणक सुरू करून बसला होता. सदाशिव पेठेतून कोथरूड स्कूटरवर किती लांब? कार्ड छायालेखकाच्या बॅगेत गेलं आणि दुसरं लागलं. ते पोचवायचं काम कोणाचंच नव्हतं, त्यामुळे कोणी ते टाळलं असंही म्हणता येत नाही.

शनिवार, दुपारी ४:३० (उरले साडेसव्वीस तास)

पाऊस आला. चौक भिजला आणि सकाळच्या कोरड्या फरशीशी कंटिन्यूइटी जुळेना. दिग्दर्शिकेने दहा मिनिटं डोळे मिटून विचार केला आणि पाऊस कथेतच घेतला. पोस्टमन छत्री उघडतो आणि पत्र भिजू नये म्हणून स्वतः भिजतो. सक्तीने दिलेली वस्तू कथेचा कणा झाली. ४८ तासांच्या स्पर्धेत जे सुचतं ते निवांत केलेल्या फिल्मला क्वचितच सुचतं, याचा हा माझ्या डोळ्यांसमोरचा पुरावा.

नवा प्रसंग लिहून, बसवून, चित्रित करायला दीड तास लागला. तो दीड तास सार्थकी लागला. फक्त त्याच्या बदल्यात आधीचं काय वगळायचं, हे ठरलं नाही. जुनी अकरा पानं तशीच होती आणि आता बारावं पान आलं.

शनिवार, रात्री १०:१५ (उरले वीस तास पंचेचाळीस मिनिटं)

जूनमध्ये पुण्यात सूर्य सातनंतर मावळतो. संध्याकाळच्या उजेडातला शेवटचा प्रसंग तोवर उरकायचा होता, तो राहून गेला. मग खिडकीबाहेरून दिवे लावून संध्याकाळ उभी केली.

पोस्टमनची भूमिका रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ नटाने केली. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत होतो. मानधन नव्हतं, ते त्यांनी विचारलंही नव्हतं. दुपारच्या पावसापासून एकाच भिजक्या सदऱ्यात ते बसून होते. दिग्दर्शिकेने दोनदा विचारलं, ‘काका, दमलात का? थांबूया का?’ ते म्हणाले, ‘तुझं समाधान झालं की थांबू.’

जवळपास प्रत्येक शॉट ओके झाल्यावर कोणीतरी ‘सेफ्टीसाठी आणखी एक घेऊया’ म्हणायचं. छायालेखकाला फोकस आणखी नेमका हवा होता. मलाही एका टेकमध्ये रिक्षा ऐकू आली होती. सगळ्यांचीच मागणी रास्त होती आणि प्रत्येक मागणीची किंमत सात-आठ मिनिटं होती.

रविवार, रात्री १:२० (उरले सतरा तास चाळीस मिनिटं)

पॅक अप. शेवटचा शॉट काकांच्या चेहऱ्याचा होता: पत्र ते तिच्या हातात देतात आणि ती ते न उघडता पुन्हा त्यांच्याकडे देते. टेक संपल्यावर ‘कट’ म्हणायला दिग्दर्शिकेला वेळ लागला. त्या खोलीतला कोणीही तो चेहरा विसरणार नाही.

कार्डं कोथरूडला पोचली. शंभर मेगाबिट प्रतिसेकंद दराने केलेलं फोर-के चित्रीकरण तासाला ४५ जीबी जागा खातं. दिवसभराचं सगळं एकदम आलं होतं. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत काढून तपासेपर्यंत तीन वाजले. इथे संकलकाने घाई केली नाही हे त्याचं मोठेपण, एका प्रतीवर भरवसा ठेवणारे संघ फिल्मच गमावतात. पण दुपारी एकपासून रात्री दीडपर्यंत त्याचे साडेबारा तास रिकामे गेले होते. अठ्ठेचाळीस तासांतला एक चतुर्थांशाहून मोठा वाटा, एका स्कूटरच्या फेरीअभावी.

रविवार, सकाळी ६:०० (उरले तेरा तास)

आवाज आणि चित्र जुळवण्याचं काम अडलं. मुख्य कॅमेऱ्याचं चित्रण क्लॅपवर चोख बसलं, फोनचं बसेना. बरेच फोन चौकटींचा वेग स्थिर ठेवत नाहीत, उजेडानुसार कमीजास्त करतात. सुरुवातीला जुळलेले ओठ दोन मिनिटांनी शब्दांपासून सुटायला लागतात. फोनचं सगळं चित्रण आधी स्थिर वेगात रूपांतरित करावं लागलं. दोन तास गेले.

रविवार, सकाळी ११:३० (उरले साडेसात तास)

पहिली जोडणी तयार झाली: ११ मिनिटं ४० सेकंद. पहाटे सव्वातीनला कापायची राहिलेली चार पानं आता पडद्यावर उभी होती. कागदावर ती नुसती वाक्यं होती. आता त्यांत काकूंचा जिना होता, पारव्यांमध्ये मिळवलेली शांतता होती, काकांचे थरथरते हात होते. जे चित्रित होतं ते कापायला कित्येक पट जड जातं.

रविवार, दुपारी ३:०० (उरले चार तास)

लांबी आठ मिनिटं दहा सेकंदांवर आली. संगीतकाराचा तिसरा फोन आला, ‘लॉक झालं का रे?’ लांबी पक्की झाल्याशिवाय त्याला संगीत बसवता येत नव्हतं. दुपारी बाराला एडिट लॉक व्हायला हवा, असं शुक्रवारी बोलणं झालं होतं. ते आता कोणी आठवून दिलं नाही, कारण समोरची फिल्म दर पंधरा मिनिटांनी अधिक चांगली होत होती.

रविवार, दुपारी ४:४५ (उरले सव्वादोन तास)

लॉक. सहा मिनिटं बावन्न सेकंद. मी आणि संगीतकार मिक्सिंगला बसलो.

रविवार, संध्याकाळी ५:५५ (उरला एक तास पाच मिनिटं)

एक्स्पोर्ट सुरू झाला. संगणकाने अंदाज दाखवला: २२ मिनिटं. म्हणजे सहा सतराला फाइल तयार, अपलोडला दहा-पंधरा मिनिटं, पदरात अर्धा तास. खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी भिंतीला टेकून बसलं.

बाहेर पाऊस वाढला होता.

रविवार, संध्याकाळी ६:११ (उरली एकोणपन्नास मिनिटं)

वीज गेली. घरात इन्व्हर्टर होता. त्यावर पंखे आणि दिवे होते, संगणक नव्हता. एक्स्पोर्ट ७३ टक्क्यांवर तुटला.

चार दिवे जळत होते आणि त्यांच्या उजेडात आम्ही बंद संगणकाकडे बघत होतो. तीन चतुर्थांश फिल्म लिहून झाली होती, मग ती का उघडू नये? कारण अशा व्हिडिओ फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे सर्वांत शेवटी लिहिली जाते. कोणती चौकट कुठे आहे हे त्या अनुक्रमणिकेशिवाय संगणकाला कळत नाही. अर्धवट राहिलेली फाइल म्हणजे फाइल नसल्यासारखीच.

रविवार, संध्याकाळी ६:३१ (उरली एकोणतीस मिनिटं)

सहा एकोणतीसला वीज आली. काम साठवलेलं होतं. सहा एकतीसला पुन्हा एक्स्पोर्ट, पुन्हा २२ मिनिटं. इंटरनेट मात्र परत आलं नाही.

रविवार, संध्याकाळी ६:५३ (उरली सात मिनिटं)

फाइल तयार झाली. साडेदहाशे एमबीच्या आसपास. फोनच्या हॉटस्पॉटवर अपलोडचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट. या हिशेबाने सत्तर मिनिटं लागणार होती. स्पर्धेने मागितलेल्या किमान दर्जात पुन्हा एक्स्पोर्ट करायला मिनिटं नव्हती, आणि केला असता तरी ती अडीचशे एमबीची फाइल सतरा मिनिटांआधी चढली नसती. तरीही अपलोड सुरू केला.

रविवार, संध्याकाळी ७:०० (शून्य)

दहा टक्के. लिंक बंद झाली.

नंतरचा हिशेब

वीज अठरा मिनिटं गेली होती. एक्स्पोर्ट दुपारी दोनला लावला असता तर त्या अठरा मिनिटांत आम्ही चहा प्यायलो असतो. म्हणून या फिल्मच्या घाताचं कारण वीज, इंटरनेट किंवा पाऊस नाही. पावसाने तर आम्हाला फिल्ममधला सर्वांत सुंदर प्रसंग दिला.

कोणी कामचुकारपणाही केला नाही. वर नोंदवलेला प्रत्येक उशीर पुन्हा वाचावा. तीन चांगल्या कथांमधून एक निवडताना झालेला, काकूंच्या पोह्यांचा, नेमक्या फोकसचा, रिक्षाविना शांततेचा, चांगल्या कटाचा. प्रत्येक तास कोणीतरी फिल्मवरच्या प्रेमापोटी खर्च केला होता. आळशी संघ असता तर फिल्म सुमार झाली असती आणि वेळेत पोचली असती. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट आणखी चांगली करू पाहणारे सगळे होते, ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार असलेलं कोणी नव्हतं.

नाटकवाल्यांनी हे विसरायला नको होतं. मेकअप राहो, नटाचा शर्ट सापडो न सापडो, ठरल्या वेळी तिसरी घंटा होते आणि पडदा वर जातो. ती घंटा देणारा माणूस ठरलेला असतो, त्याच्याशी वाद घालायचा नसतो. सिनेमात हे काम सहायक दिग्दर्शकाचं. १९९९ मध्ये ‘स्वयंवरम’ हा तमिळ चित्रपट २४ तासांच्या आत चित्रित झाला, तेव्हा काम अनेक दिग्दर्शक आणि छायालेखकांत वाटून दिलेलं होतं. इतक्या कमी वेळात काम निभतं ते वेगापेक्षा वाटणीमुळे, आणि कोणाच्या वाट्याचं काय नि कधीपर्यंत, हे आधी ठरल्यामुळे.

म्हणून पुढच्या वेळी उतरणाऱ्या प्रत्येक संघाला माझं कळकळीचं सांगणं आहे. वेळापत्रक रविवारच्या सातपासून उलटं मांडा. अपलोड पाचला, एक्स्पोर्ट तीनला, लॉक बाराला, शूटिंग शनिवारी सातला बंद, संहिता शुक्रवारी बाराला आणि सात पानांहून एक ओळही जास्त नाही. पहिलं कार्ड भरलं की स्कूटर निघाली पाहिजे. लॉक झाल्याझाल्या, संगीत नसलं तरी, एक फाइल बाहेर काढून ठेवा. अपुरी का होईना, पोचलेली फिल्म पाहिली जाते. आणि एका माणसाला फक्त घड्याळ द्या. तो हुशार असावा, सगळ्यांचा लाडका नसला तरी चालेल. त्याने ‘चला पुढे’ म्हटलं की दिग्दर्शकानेही पुढे जायचं.

हे काम रुक्ष वाटतं, म्हणून ते कोणाला नको असतं. पण काका सोळा तास एकाच सदऱ्यात बसले ते आपलं काम प्रेक्षकांनी पाहावं म्हणून. काकूंनी घर दिलं, लेखकाने रात्र दिली, संकलकाने दोन. या सगळ्यांचं देणं प्रेक्षागृहातल्या अंधारापर्यंत पोचवणं ही संघाची पहिली जबाबदारी आहे, आणखी एका टेकच्या आधीची. मित्राचं काम चांगलं चाललेलं असताना त्याला थांबवायला धैर्य लागतं. ते ज्याच्यापाशी आहे, त्याला संघातला पहिला माणूस म्हणून घ्या आणि पडद्यावर त्याचं नाव दिग्दर्शकाच्या शेजारी लिहा.